मच्छरदाण्या घरी, माणसं शेतावर

भामरागड तालुक्यात आरोग्यसेवक म्हणून मला तेव्हा चौथं वर्ष होतं. ऑक्टोबर सरत आलेला, धान पिवळा पडायला लागलेला. एका टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, आठवड्याभरात तापाचे 5 पेशंट निघाले, पाचही पीएफ. म्हणजे फाल्सिपेरम, मेंदूवर जाऊ शकणारा मलेरिया. पावसाळ्याआधीच तिथं दोन माणसांमागे एक या हिशेबानं औषधी मच्छरदाण्या वाटल्या होत्या. रजिस्टरवर अंगठे मीच घेतले होते. आधी मनात आलं ते हेच, की विकल्या असतील, नाहीतर नाल्यात मासे धरायला लावल्या असतील. आम्हा लोकांना हा संशय फार लवकर येतो.

घरोघर फिरलो. जिथंतिथं मच्छरदाणी बांधलेली, चारी कोपरे ताठ. एकीच्या वर तर कोळ्यानं जाळं विणलेलं. ते बघूनही माझी ट्यूब पेटली नाही. मी वहीत ‘वापर : होय’ लिहीत सुटलो होतो. सोबतची आशाताई, म्हणजे आशा कार्यकर्ती, बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "दादा, पण या घरात सध्या झोपते कोण?"

रानडुकरं! धान भरला की म्हातारी माणसं सोडून सगळं घर राखणीला शेतावर, कापणी होईस्तोवर.

त्याच संध्याकाळी गेलो. नाल्याच्या कडेनं शेतं, प्रत्येकात मचाण, खाली शेकोटी. इथला डास याच संथ वाहत्या पाण्याच्या काठाला, गवतात अंडी घालतो. अळ्या खाणारे गप्पी मासे पाण्यात सोडले तरी इथं भागत नाही. एका शेकोटीपाशी सहा-सात वर्षांची पोरगी खेकडे भाजत बसली होती. अंगात ताप नाही, चांगली बडबडत होती. तरी बोट टोचलं, मलेरियाच्या किटवर थेंब टाकला आणि बॅटरीच्या उजेडात वाट बघत बसलो. पंधरा मिनिटांनी दोन रेषा, म्हणजे पॉझिटिव्ह.

बाप मानेना. ताप नाही तर गोळ्या कशाला? बरोबरच होतं त्याचं. पण आजारी माणूस निदान औषधाला येतो. ही पोर मजेत खेळत होती आणि तिला चावलेला डास मलेरिया पुढच्या मचाणावर नेत होता. बरा झालेला पेशंटही किटवर काही आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकतो, म्हणून आईला खोदून विचारलं. या मोसमात पोरीनं एकही गोळी खाल्लेली नव्हती. काचपट्टीवर रक्तनमुना घेतला, वयाप्रमाणे गोळ्यांचं हिरवं पाकीट काढलं. आशाताई बापाशी त्यांच्या माडिया बोलीत बराच वेळ बोलली. मला निम्मं कळलं. मध्येच तो माझ्याकडे बघून हसला, ते का, हे तिनं अजून सांगितलेलं नाही. पहिला डोस मात्र माझ्यासमोर गेला.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या डोसला गेलो तेव्हा मचाणाला चार बांबू ठोकून मच्छरदाणी ताणलेली होती. शेजारी दुसरीही. खूश होऊन परत निघालो, वाटेत त्यांच्या घरी डोकावलो. म्हातारी आजी अंगणात खाटेवर पडलेली, तशीच उघडी.