गोसेल: अख्खी मंडळी इथे आली

अमेरिकेतल्या विचिटा शहराहून उत्तरेला निघालं की कॅन्ससचं सपाट रान सुरू होतं. गहू, मध्येच धान्याची उंच कोठी, पुन्हा गहू. गोसेल हे जेमतेम पाचशे-साडेपाचशे वस्तीचं गाव. त्याच्या उत्तरेला, हमरस्त्यालगत, अलेक्झांडरवोल मेनोनाइट चर्च आहे. आत्ताची इमारत १८८६ची, १९२८मध्ये बरीच बदललेली. मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, मात्र इमारतीपेक्षा खूप जुनी.

मेनोनाइट म्हणजे सोळाव्या शतकातल्या मेनो सायमन्सच्या वाटेनं गेलेले ख्रिस्ती. बाप्तिस्मा घ्यायचा तो कळत्या वयात, आणि शस्त्र धरायचं नाही. या मंडळीचे पूर्वज डच वळणाचे, राहायला पोलंडमध्ये विस्तुला नदीकाठच्या प्शेखोव्कोत. तिथल्या जुन्या नोंदवहीत एक आख्यायिका आहे: रात्झलाफ आडनावाच्या सैनिकानं तलवार कुंपणाच्या खांबात खुपसली आणि तो यांच्यात सामील झाला. खरं-खोटं देव जाणे, पण रात्झलाफ घराणी या भागात आजही आहेत.

१८२०मध्ये ही माणसं दक्षिण रशियात, आजच्या युक्रेनमधल्या मोलोच्ना वसाहतीत निघाली. वाटेत झार पहिला अलेक्झांडर भेटला, त्यानं ‘भलं होवो’ म्हटलं, म्हणून तिथे वसवलेल्या गावाचं नाव अलेक्झांडरवोल (जर्मन ‘वोल’ म्हणजे भलं). पन्नासेक वर्षांनी त्याच्याच गादीवरून सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला. मग १८७३मध्ये जमीन पाहायला अमेरिकेत शिष्टमंडळ आलं, त्यात या मंडळीचे ‘एल्डर’, म्हणजे प्रमुख पाळक, याकोब बुलर होते. पुढच्याच वर्षी जवळजवळ सगळी मंडळी ‘सिंब्रिया’ आणि ‘टॉयटोनिया’ या दोन बोटींनी न्यूयॉर्कला उतरली. एखाददुसरं कुटुंब परदेशी जाणं आपल्याला नवं नाही. इथे पाळकांपासून पाळण्यातल्या पोरांपर्यंत सगळे निघाले, नोंदवहीसकट!

सांता फे रेल्वेला रुळांलगतची जमीन विकायची होती. कंपनीनं या लोकांसाठी लांबलचक ‘इमिग्रंट हाउस’ बांधून दिली, आणि घरं होईपर्यंत कुटुंबं तिथे दाटीवाटीनं राहिली. त्याची प्रतिकृती गोसेलच्या संग्रहालयात आहे. शेजारी गव्हाच्या काड्यांची भलीमोठी लिबर्टी बेल, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या प्रसिद्ध घंटेची नक्कल. ‘टर्की रेड’ या हिवाळी गव्हाचं कौतुक तर जागोजागी. रशियातून निघताना पोरांनी या बियाण्याचा दाणा न् दाणा निवडून पेट्या भरल्याची गोष्ट मला जरा जास्तच गोड वाटते.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. कॉ या इथल्या मूळनिवासी जमातीला सरकारनं कॅन्ससमधून आजच्या ओक्लाहोमात हलवलं ते १८७३ साली. म्हणजे बोटी लागल्या त्याच्या आदल्याच वर्षी. बंदूक न धरणाऱ्यांना ही जमीन मोकळी मिळाली, कारण ती आधी दुसऱ्यांनी मोकळी करून घेतली होती. पुढे याच मंडळीतला हाइनरिख फोथ ॲरिझोनात होपी या मूळनिवासी लोकांमध्ये मिशनरी झाला. त्यानं त्यांचे विधी बारकाईनं टिपले, फोटो काढले, आणि होपींच्या मनात त्याबद्दलचा राग पुढे टिकून राहिला.