मामा, भाची आणि राहिलेले १३९ मीटर

परत आल्यापासून प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतोय, "मग, अगदी टोकापर्यंत गेलीस ना?" पहिल्या आठवड्यात मी "हो, जवळजवळ" असं पुटपुटायचे. दुसऱ्या आठवड्यात "१३९ मीटर राहिले" असं खरं सांगून पाहिलं, तर समोरच्याच्या चेहऱ्यावर असे भाव की जणू पोराला बारावीत एका मार्काने नापास केलंय. आता मी सरळ "भाची गेली" म्हणते आणि चहा टाकायला उठते.

टांझानियातल्या किलिमांजारो डोंगराचं सगळ्यात उंच टोक म्हणजे उहुरू, ५८९५ मीटर. मी थांबले स्टेला पॉइंटला, ५७५६ मीटरवर. इथे विवराचा काठ लागतो आणि जीव काढणारा चढ संपतो. पुढे काठाकाठाने पाऊण-एक तास चालायचं, इतकंच. त्या इतकंच-बद्दल पुढे सांगते.

आम्ही दोघीच गेलो होतो. मी ५३ वर्षांची, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली आणि माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय २२. सराव ठाण्यातच केला. चार महिने दर शनिवार-रविवारी येऊर, नाहीतर मामा-भाचे डोंगर. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन चढताना बघून एका आजोबांनी विचारलं होतं, "वर पाणी नाही का हो?" त्या डोंगराच्या नावाचा योग तिकडे आफ्रिकेत जुळून येणार होता, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मचामे गेटला तो जुळला. या गेटचीच उंची १८०० मीटरच्या आसपास. म्हणजे आपली कळसूबाई (१६४६) जिथे संपते, त्याच्याही वर यांची पायरी क्रमांक एक. दोन बायकांना डोंगरावर न्यायला अकरा माणसं उभी होती. मुख्य गाईड, छोटा गाईड, स्वयंपाकी आणि बाकीचे पोर्टर. हे आधी कागदावर वाचलेलं होतं. तरी ती अकरा माणसं समोर रांगेत पाहिल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका पोर्टरने किती वजन उचलायचं याला २० किलोंची मर्यादा आहे आणि गेटवर काट्यावर तोलून बघतात. माझी बॅग ठरल्यापेक्षा दोन किलो जास्त भरली. लोणच्याची बरणी, मेतकूट आणि दुसरी शाल बाहेर आली. लोणावळ्याची चिक्की मात्र मी गुपचूप जॅकेटच्या खिशांत कोंबली.

बॅग पुन्हा बांधायला मदत हवी होती म्हणून मी सवयीने छोट्या गाईडला हाक मारली, "दादा, जरा इकडे." सगळे पोर्टर खो खो हसायला लागले. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. भावाला म्हणतात काका. आईला मामा. बाबा तेवढे बाबाच राहिलेत, नशीब! वयाने मोठ्या कुठल्याही बाईला मान देऊन मामा म्हणायचं, अशी तिकडची रीत. त्यामुळे पुढचे सात दिवस मी मामा होते. "जांबो मामा", "पाणी मामा", "झोप लागली का मामा?" ठाण्याच्या नाक्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला रोज काय वाटत असेल, ते मला पुरतं कळलं. आणि मी त्या पोराला काय म्हणायचं? काका! चोवीस वर्षांच्या मुलाला काका म्हणायला जीभ वळायला तीन दिवस गेले.

एकदा कान उघडले की मग सगळीकडे ओळखीचे शब्द भेटायला लागतात. चाय, चपाती, सुकारी म्हणजे साखर, हेवा म्हणजे हवा, दुनिया तर तीच. पैशाला पेसा, हिशेबाला हेसाबू. शेवटच्या कॅम्पचं नाव बराफू, म्हणजे बर्फ. अरबी, फारसी, गुजराती व्यापाऱ्यांनी शतकानुशतकं गलबतांतून इकडचं तिकडे केलेलं सामान आहे हे. सकाळी पातळसर लापशी मिळायची, तिला ते उजी म्हणतात. ती कधीकधी नाचणीची असते असं कळल्यावर मला मेतकुटाचं दुःख थोडं कमी झालं. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेचीच, आपल्याकडे ती तिथून आली.

पहिल्या दिवशीचं जंगल सुंदर आहे. चिखल, शेवाळं, झाडांवरून लोंबणाऱ्या दाढ्या, आणि वाटेच्या कडेला एक लालपिवळं, सोंडेसारखं वळलेलं इवलं फूल. पाहताक्षणी मी "तेरडा!" म्हणून ओरडले. खरंच तेरडाच तो, त्याच कुळातला, फक्त हा किलिमांजारोवरच उगवतो. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस. माझ्या उत्साहाचा रंगही साधारण तितकाच टिकला. दुसरा दिवस चढ, तिसरा दिवस दगड, चौथा दिवस त्याहून मोठे दगड.

तक्रार करायचीच तर कॅम्पवरच्या संडासांबद्दल करेन, पण जेवताना वाचणारी माणसं असतात. गर्दीबद्दल करते. "निवांत निसर्ग" हवा असेल तर मचामेच्या वाटेला जाऊ नका. शंभरेक तंबू, प्रत्येक तंबूतून वेगळ्या भाषेतलं घोरणं आणि एका गटाने आणलेला ब्लूटूथ स्पीकर. तो उचलून दरीत टाकायचे विचार माझ्या मनात येऊन गेले. उंचीचा परिणाम असावा.

आता "पोले"बद्दल. किलिमांजारोवर गेलेला प्रत्येक जण "पोले पोले" सांगत परत येतो. म्हणजे हळूहळू. आमची भाची पहिल्या दिवसापासून "पोळी पोळी" म्हणत होती, तो विनोद दुसऱ्या दिवशी दुपारी जुना झाला. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरवरून, म्हणजे ४६०० मीटरवरून, उतरताना माझा पाय घसरला आणि मी चांगली फतकल मारून बसले. डोक्यावर आमचा तंबू घेऊन मागून येणारा पोर्टर थांबला आणि म्हणाला, "पोले, मामा." मला संताप आला. डोकं ठणकतंय, उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळ्यांमुळे बोटांना मुंग्या आल्यात, गोगलगायीसारखी चालतेय, आणि हा म्हणतो अजून हळू! मी मराठीत जे काही बोलले ते त्याला कळलं नाही, ते बरंच झालं.

रात्री सूप पिताना मुख्य गाईडला मी ते सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "दोनदा म्हटलं तर हळू. एकदाच म्हटलं तर वेगळं." एकदाच पोले म्हणजे तुला त्रास झाला, त्याचं मला वाईट वाटतं. चूक कोणाचीही असो. कोणी पडलं, आजारी पडलं, कोणाचं माणूस गेलं, तरी पोले. दमून प्रवासाहून आलेल्याला पोले. घाम गाळत काम करणाऱ्या अनोळखी माणसालाही "पोले ना काझी", म्हणजे तुझ्या कष्टांबद्दल पोले.

त्या रात्री तंबूत पडल्या पडल्या मी याला मराठी शब्द शोधत होते. अरेरे? ते आपण लांबून म्हणतो. माफ कर? छे, त्यात आपली चूक कबूल करावी लागते. आपल्याकडे कोणाला ठेच लागली की पहिलं वाक्य काय असतं? "बघून चालता येत नाही का?" मी माझ्या मुलाला आयुष्यभर हेच म्हटलंय. माझी आई मला तेच म्हणायची, वर एक धपाटाही.

दुसऱ्या दिवशी बारांकोची भिंत चढायची होती. हाताने धरून, पोट खडकाला चिकटवून. आम्ही असे पालीसारखे चिकटलेले आणि शेजारून पोर्टर डोक्यावर गॅसची टाकी, खुर्च्या, अंड्यांचे ट्रे घेऊन टणाटण वर. तीन दिवस मी त्यांना नुसती बाजूला सरून वाट देत होते. फार तर हसत होते. त्या दिवशी पहिल्यांदा एकाला म्हटलं, "पोले ना काझी." तो डोक्यावरचा डोलारा जराही न हलवता म्हणाला, "असांते, मामा." असांते म्हणजे धन्यवाद. त्यानंतर जो दिसेल त्याला मी पोले म्हणत सुटले. भाची म्हणाली, "मावशी, श्वास वाचव."

बराफू कॅम्प साधारण ४६७० मीटरवर. रात्री अकराला उठवलं. स्वाहिली घड्याळ सूर्याबरोबर चालतं, सकाळी सातला त्यांचा एक वाजतो, म्हणून आपले रात्रीचे बारा म्हणजे त्यांचे सहा. "सा सिता"ला निघायचं, असं पोर्टर आपसांत बोलत होते. सहाला निघायचं असतं तर किती बरं झालं असतं! अंगावर पाच थर, पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवलेली, कारण बर्फ वरच्या बाजूने धरतो आणि उलटी ठेवली तर तोंड मोकळं राहतं. वर बघितलं तर हेडलॅम्पची रांग थेट ताऱ्यांत घुसलेली, कुठला दिवा माणसाचा आणि कुठला आकाशातला कळेना. मी वर बघणं बंद केलं.

भाची मुख्य गाईडबरोबर पुढे गेली, माझ्याबरोबर छोटा. सहा तास मी फक्त त्याच्या बुटांच्या टाचा पाहिल्या. दोनदा उलटी झाली. दोन्ही वेळा त्याने माझी सॅक काढून आपल्या पोटावर घेतली, आणि दुसऱ्यांदा परत दिलीच नाही. मीही मागितली नाही. हे इथे लिहिते, कारण फोटोत माझ्या पाठीवर सॅक दिसतेय. ती फोटोपुरती घातली होती.

स्टेलाला पोचलो तेव्हा पूर्वेला माव्हेंझी शिखराच्या दातेरी कड्यामागून उजाडत होतं. १९२५ मध्ये इथवर आलेल्या स्टेला लेथम या बाईंचं नाव या जागेला आहे. डावीकडे हिमनदीचा निळसर कापलेला कडा. १९१२ पासून या डोंगरावरचा ८० टक्क्यांहून जास्त बर्फ गेलाय. उरलेला असा दिसतो, कोणी अर्धा खाऊन ठेवलेल्या बर्फीसारखा. भाची तिथे पाय आपटत माझी वाट बघत होती. "मावशी, चल, आता सपाट आहे." मी दगडावर बसले आणि मला कळलं की मी उठणार नाहीये.

छोट्या गाईडने माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा मला दाखवला नाही. मला सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावलं. मग म्हणाला, "मामा, वर जाऊ शकाल. पण मग खाली उतरायलाही पाय लागतील." त्याने नाही म्हटलंच नाही. त्याने नाही म्हणावं, याची मी वाट बघत होते, म्हणजे घरी सांगता आलं असतं की गाईडनेच थांबवलं. शेवटी मलाच म्हणावं लागलं. भाची रडायला लागली, "मग मीही नाही जात" म्हणाली, मग मी तिच्यावर ओरडले. एवढ्या उंचीवर ओरडायलाही हवा पुरत नाही. "जा गं" इतकंच निघालं. ती गेली.

मग आम्ही दोघेच बसलो. जास्तीत जास्त वीस मिनिटं. तिथे फार बसू देत नाहीत. मी खिशातून चिक्की काढली. ती दगड झाली होती. त्याने एक तुकडा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "काशाता?" मला ऐकू आलं "कशाला?" मी म्हटलं, "कशाला काय, खा!" दोन-तीन वेळा हे असंच झालं. मग कळलं, त्यांच्याकडेही शेंगदाण्याची चिक्की करतात, तिलाच ते काशाता म्हणतात. त्याने ती दाढेखाली धरून कडकन फोडली आणि अर्धी मला दिली. त्याची आई डोंगराच्या पायथ्याच्या मोशी शहराजवळ केळी विकते, तो चार वर्षं पोर्टर होता, मग गाईड झाला. मी विचारलं, आई कधी वर आली आहे का? म्हणाला, जंगलाच्या वर कधीच नाही, तिला थंडी आवडत नाही. मला ती बाई एकदम आवडली.

पुढे काय बोललो ते नीट आठवत नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्याने म्हणा. तो पूर्वेकडे बघत "पोले, मामा" म्हणाला. मी त्याला पहिल्यांदा न अडखळता "असांते, काका" म्हटलं.

उतरणं म्हणजे घोटाभर भुरभुरीत खडीतून घसरणं. भाची दोन तासांनी बराफूला आली, फोनमध्ये त्या पाटीसमोरचे चौदा फोटो. पाटीपुढेही रांग होती म्हणे. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. पूर्वी या टोकाला जर्मन बादशहाचं नाव होतं, १९६१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर हे मिळालं. तिने मला सगळं इतकं तपशिलात सांगितलं की आता मी ते माझंच म्हणून सांगू शकेन. अजून तरी सांगितलेलं नाही.

शेवटच्या दिवशी मवेका गेटच्या आधी टिपांचा कार्यक्रम होता. अकरा जण गाणं म्हणतात, नाचतात, मग तुम्ही मोठ्याने जाहीर करायचं, स्वयंपाक्याला इतके, पोर्टरला इतके. पारदर्शक पद्धत आहे, मधल्या मध्ये पैसे गळत नाहीत, सगळं मान्य. पण ज्या माणसाने सात दिवस माझा संडासाचा तंबू डोक्यावरून वाहिला, त्याच्या कष्टांचा आकडा सगळ्यांसमोर ओरडून सांगताना माझा आवाज फुटेना. आकडे भाचीने वाचले. प्रमाणपत्रं दोन मिळाली. तिचं उहुरूचं, माझं स्टेलाचं. माझ्या बहिणीने दोन्ही एका फ्रेममध्ये लावलीत, माझं खाली.

मोशीला नेणारी बस उभी होती. तिची पायरी उंच होती, मांड्या भरून आल्या होत्या, आणि चढताना माझा गुडघा दाणकन दाराच्या कडेवर आपटला. आतून चार-पाच गळ्यांतून एकदम आलं, "पोले, मामा!"

मागून भाची म्हणाली, "मावशी, बघून चढ ना गं."