यात बसायला कुठं आहे?

मागच्या रविवारी घरात एक प्रयोग केला. नागपुरातल्या बारा जागांचे मोबाइलवर फोटो काढले, फुटाळा तलाव, गांधीसागर तलाव, बर्डीच्या बाजाराचा मेन रोड, महालातली एक गल्ली, सिव्हिल लाइन्समधला तो मोठ्या झाडांचा रस्ता, अन् दोन-दोन फोटो शेजारी ठेवून घरच्यांना, शेजाऱ्यांना विचारत गेलो की यातली कोणती जागा जास्त छान वाटते.

ही पद्धत अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबच्या प्लेस पल्स या प्रकल्पाची. त्यांनी ५६ शहरांतले १ लाखाच्या वर गूगल स्ट्रीट व्ह्यूचे रस्त्यांचे फोटो असेच जोडीने दाखवले, ८० हजारांवर लोकांनी ११ लाखांवर तुलना केल्या. सुंदर कोणतं, सुरक्षित कोणतं, उदास कोणतं असे सहा प्रश्न होते. मला जोडीची पद्धत फार आवडते, कारण दहापैकी मार्क द्या म्हटलं की जो तो सात देऊन मोकळा होतो, पण दोनातलं एक निवड म्हटलं की माणसाला थांबून बघावंच लागतं. मग बुद्धिबळाच्या रेटिंगसारखं गणित, तगड्या फोटोला हरवलं तर जास्त पॉइंट.

आमच्याकडे सिव्हिल लाइन्स सहज जिंकलं. महालातली गल्ली जवळपास शेवटी, लोंबणाऱ्या वायरी, अर्ध्या रस्त्यात गाड्या.

पण आई अडून बसली. सिव्हिल लाइन्सचा फोटो दोन बोटांनी मोठा करून करून बघून राहिली होती, फुटपाथ, कंपाउंडची भिंत, परत फुटपाथ. म्हणाली, "अरे, यात बसायला कुठं आहे? अन् माणूस तर एक दिसत नाही."

मला ते एकदम पटलं. मी विचारत होतो फोटो कोणता छान, अन् ती तिथं जाऊन उभी राहिली होती. म्हणून या रविवारी त्याच बारा फोटोंना प्रश्न बदलला, संध्याकाळचा एक तास मोकळा आहे, कुठं जाशील? गांधीसागर वर गेलं, बर्डी वर गेली, महालातली गल्लीसुद्धा मधे आली, सिव्हिल लाइन्स खाली घसरलं. लोकं तीच, फोटो तेच!

फुटाळा मात्र दोन्ही वेळा मागे राहिला अन् ती चूक माझी, मी तो फोटो भर उन्हात दुपारी दोनला काढला होता, रस्ता नुसता पांढरा. आता सगळे बारा फोटो संध्याकाळी सहानंतर परत काढायचे आहेत, अन् या वेळी आई सोबत येते म्हणाली.