तुम्ही विचारलंत म्हणून: आयटीआयची पोरं रोज येतात कशी?

नवीन लागलेले निदेशक भेटले की हा प्रश्न ठरलेला असतो. सर तुमच्या बॅचची हजेरी टिकते कशी, आमच्याकडे दिवाळीनंतर वर्कशॉप ओस पडतं. परवा एका पोराच्या वडिलांनीही विचारलं, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो. मी बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो, वीस जणांची बॅच, दोन वर्षांचा कोर्स.

नियम सगळ्यांना पाठ आहे, 80 टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. आठवड्यातून एखादा दिवस बुडाला तर काय होतंय असं म्हणणारा पोरगा वर्षाअखेरी बरोबर त्या 80 च्या कडेला येऊन उभा राहतो, आणि मग एकदा डेंग्यू झाला किंवा घरात कुणी वारलं की गेलाच खाली. सुरुवातीची काही वर्षं मीही हाच आकडा दाखवून दम द्यायचो, पालकांना बोलवायचो, नोटीस लावायचो. पण 60 टक्क्यांवर आलेल्या पोराला तुम्ही त्याचा आकडा सांगितला ना, की तो उद्यापासून यायचाच बंद होतो, आता येऊन तरी काय उपयोग म्हणतो. हे बघितल्यावर मी दम देणं सोडलं.

आता मी काय करतो, तर पोरगा ज्या दिवशी आला नाही त्याच दिवशी फोन करतो. चौथ्या दिवशी नाही, त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत. आणि "का आला नाहीस" असं नाही विचारत, "काय झालं रे बाळा, उद्या येतोयस ना" एवढंच. वहीत कारण लिहून ठेवतो. ती वही वर्षभराने चाळली तेव्हा मला कळलं की आळशीपणा हे कारण फार कमी आहे. सोयाबीन काढणी, आठवडी बाजार, बहिणीला बघायला पाहुणे येणार, लग्नात वाढपी म्हणून रात्रभर काम केलं आणि सकाळी डोळाच उघडला नाही. वाढप्याला एका रात्रीचे चारशे-पाचशे मिळतात. आयटीआयचं विद्यावेतन आधी महिन्याला 40 रुपये होतं, सरकारने ते 500 केलं, चांगलंच केलं, पण पोराच्या डोक्यात हिशोब सरळ आहे, महिनाभराचे पाचशे आणि एका रात्रीचे पाचशे. त्याला मी काम सोड असं कधी म्हणत नाही, घरात त्या पैशांचं तेल-मीठ येतं. एवढंच सांगतो की लग्नाच्या तारखा आधी दाखव, दुसऱ्या दिवशी थोडा उशिरा ये पण ये.

उशिरा आलेल्याला परत पाठवू नका हो, हात जोडून सांगतो. सकाळची एसटी चुकली की गावाकडच्या पोराला पुढची गाडी तासाभराने, तो धावत गेटवर येतो आणि त्याला कळतं की आज गैरहजेरीच लागणार, मग तो स्टँडवर जाऊन बसतो आणि हळूहळू त्याला स्टँडच आवडायला लागतो. पास काढलेला असतो त्याने, विद्यार्थी सवलत 66.67 टक्के असली तरी बाकीचे पैसे घरून मागावेच लागतात. मी आमच्या गटनिदेशकांना विनंती करून थिअरी दुपारी घेतली आणि सकाळी प्रॅक्टिकल ठेवलं. आता वीस मिनिटं उशिरा आलेला पोरगा सरळ आपल्या शेगड्याशी, म्हणजे लोखंड घट्ट धरायच्या व्हाइसशी, उभा राहतो, त्याचं काही बुडत नाही.

आणि मुख्य गोष्ट हीच, शेगड्यात जॉब, म्हणजे करायला दिलेला तुकडा, अर्धा पाहिजे, तो पुरा करायला पोरगा परत येतो. पहिल्या वर्षाची पोरं येतात ती मशीन चालवायला मिळेल या आशेने, आणि आपण त्यांच्या हातात कानस देतो. मार्किंग, हॅकसॉ, फायलिंग, चिपिंग, परत फायलिंग. हाताला फोड येतात आणि पोरगा घरी सांगतो की तिथं नुसतं लोखंड घासायला लावतात. सगळ्यात जास्त पोरं इथेच गळतात. मी पहिल्याच आठवड्यात जुन्या बॅचचं मेल-फीमेल फिटिंग, म्हणजे एकमेकांत बसणारे दोन तुकडे, हातात देतो, उजेडाकडे धरायला लावतो, सांधा दिसतोय का बघ म्हणतो. मग ट्राय स्क्वेअर, म्हणजे गुण्या, लावून त्याचा स्वतःचा जॉब दाखवतो, खालून केवढा उजेड येतोय ते. 0.04 मिलिमीटर म्हणजे किती हे फळ्यावर सांगून कळत नाही, ते असंच कळतं. आणि पुढे मेल-फीमेल जोडीने करायला देतो, एकाचा मेल, दुसऱ्याचा फीमेल. एक नाही आला की दुसऱ्याचं काम अडतं, मग मला फोन करावाच लागत नाही, जोडीदारच शिव्या घालून बोलावून आणतो. पुढच्या वेळी अदलाबदल, म्हणजे दोघांचे दोन्ही होतात.

कंपनीवाले अप्रेंटिससाठी निवडायला येतात तेव्हा काही फार विचारत नाहीत. व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, हातात देतात, हे माप घे म्हणतात. रोज आलेला पोरगा 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचून मोकळा होतो. मागच्या वर्षी एकाचा हात व्हर्निअर धरताना थरथरत होता, हुशार पोरगा, फक्त मधले दोन महिने तो नव्हता. माझंच काळीज हललं.

त्याचे आईवडील कोयत्यावर होते. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, न जाऊन सांगायचं कुणाला. मागे घरात आजी, म्हैस आणि आयटीआयला ॲडमिशन घेतलेला सतरा वर्षांचा पोरगा. धार काढायची, भाकरी थापायची, आजीला दवाखान्यात न्यायचं आणि मग एसटी. वसतिगृह बघ म्हटलं तर म्हणतो सर, आजीला कुठं ठेवू. याच्यावर माझ्याकडे फोन आणि जॉब दोन्हीचा उपाय चालत नाही. दोन वर्षं झाली, अशा पोराच्याच गावातल्या दुसऱ्या पोराला मी सांगून ठेवतो की रात्री एकदा त्याच्याकडे जाऊन ये, सकाळी म्हशीचं आवरायला हात लाव आणि दोघं एकाच गाडीने या. कधी येतात, कधी नाही. तुमच्या भागात हंगामाच्या चार-पाच महिन्यांत तुम्ही अशा पोरांसाठी काय करता ते मला खरंच सांगा, मी करून बघेन.