हप्ते थकले होते, तरी गाडीची चावी मी दिली नाही

सप्टेंबर २०२४. साताऱ्याहून एका आजी-आजोबांना डोळे दाखवायला पुण्याला घेऊन निघालो होतो. आनेवाडीचा टोलनाका मागे पडला आणि थोडं पुढे गेल्यावर दोन मोटारसायकली गाडीला आडव्या आल्या. चौघे जण होते. एकाने मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये माझा गाडी नंबर दाखवला आणि म्हणाला, "तीन हप्ते थकलेत. गाडी सीझ झालीय. पॅसेंजर उतरवा, चावी द्या."

हप्ते थकले होते हे खरंच. जूनमध्ये खांद्याचं ऑपरेशन झालं, दीड महिना हात गळ्यात होता. बदली ड्रायव्हर ठेवला तर त्याची हजेरी आणि डिझेल यातच भाडं संपायचं. १४,८५० चा हप्ता जुलैत बाउन्स झाला, मग ऑगस्टमध्ये, मग सप्टेंबरमध्ये. फायनान्स कंपनीच्या शाखेतून फोन आला की मी "दिवाळीपर्यंत थांबा" म्हणायचो. सगळं तोंडी. एक ओळ लिहून दिली नव्हती, आणि पुढे तेच नडलं.

चावी काढून खिशात घातली, काचा वर घेतल्या आणि ११२ ला फोन लावला. हे तेव्हा सुचलं, कारण आमच्या स्टँडवरच्या एका जुन्या मालकाची गाडी अशीच रस्त्यातून ओढून नेली होती. तो नेहमी सांगायचा, "चावी दिलीस की तू जप्त गाड्यांच्या यार्डाच्या गेटवर उभा, आणि आत गाडीचं रोजचं भाडं चढतंय."

मग त्या चौघांनी बोनेटवर एक कागद ठेवला. इंग्रजीत टाइप केलेला, मधल्या जागा कोऱ्या. "काही नाही, नुसती पोच आहे, सही करा." आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी काच थोडी खाली घेऊन कागद आत मागितला, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून सावकाश वाचला आणि मला म्हणाले, "अहो, यात तुम्ही स्वखुशीने गाडी जमा करताय असं लिहिलंय. सही करू नका."

त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. त्या सहीने रस्त्यात अडवून नेलेली गाडी कागदावर 'मालकाने स्वतः आणून दिलेली' होते. नंतर कुठेही गेलात तरी आधी तोच कागद तुमच्यापुढे ठेवतात. गुंड पाठवून, धाक दाखवून गाडी ओढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय. पण आपणच स्वखुशी लिहून दिली तर जबरदस्ती झाली होती हे सिद्ध करायचं कसं?

पोलीस आले, सगळ्यांना ठाण्यात नेलं. आजी-आजोबांना स्टँडवरच्या मित्राने येऊन पुढे पुण्याला सोडलं. ठाण्यातले साहेब पहिल्यांदा म्हणाले, कर्जाचा वाद दिवाणी आहे, त्यात आम्ही पडणार नाही. मी म्हटलं, "साहेब, कर्ज मला मान्य आहे. रस्त्यात अडवलं त्याची नोंद करा आणि यांची कागदपत्रं बघा." कंपनीचं अधिकारपत्र म्हणून त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक फोटो होता. वसुली एजन्सीचं ओळखपत्र चौघांतल्या एकाकडेही नाही. मला आधी दिलेल्या नोटिशीची प्रत नाही. साहेबांनी त्यांना जायला सांगितलं. स्टेशन डायरीच्या नोंदीचा क्रमांक मी हातावर लिहून घेतला.

संध्याकाळी हिने कपाटातली फाइल काढली. मंजुरीपत्र होतं, हप्त्यांचा तक्ता होता, करार नव्हता. गाडी घेताना पेन्सिलीच्या फुल्या जिथे होत्या तिथे सह्या केल्या होत्या, प्रत मागितली नव्हती. खरं तर ती न मागता द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत अर्ज दिला. काउंटरवरचा मुलगा पोच द्यायला तयार होईना, म्हणून तोच अर्ज रजिस्टर एडीने पाठवला आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलही केला. या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर शाखेत लावलेला असावा लागतो. आमच्या शाखेत होता, कॅलेंडरच्या मागे.

आठ दिवसांनी कराराची झेरॉक्स आली. चाळीसेक पानं, बारीक अक्षर, फुल्यासुद्धा पुसट उमटलेल्या. भाचीने रात्री बसून मराठीत सांगितलं. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस, असं त्यांच्याच करारात होतं. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच फायनान्स कंपन्यांना सांगितलंय की नोटिशीची मुदत, ती कधी टाळता येते, ताबा घ्यायची पद्धत, लिलावाआधी पैसे भरायची शेवटची संधी, गाडी परत द्यायची रीत, हे सगळं करारात असलंच पाहिजे. मला नोटीस मिळालीच नव्हती.

खात्याचा उताराही मागवला होता. त्यात 'सीझिंग खर्च' ९,५०० रुपये! गाडी माझ्या दारात उभी. शिवाय दंडावर पुन्हा व्याज. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकाने तेही बंद केलंय. दंड आकारता येतो, त्यावर व्याज नाही.

हे सगळं मांडून कंपनीला पत्र लिहिताना एक हप्ता आधी भरला, पावती जोडली, आणि उरलेले दोन पाच महिन्यांत चालू हप्त्याबरोबर कसे फेडीन ते तारखांसह लिहिलं. थकबाकीदाराने हे करावंच असं मला मनापासून वाटतं. नुसत्या हक्कांच्या भाषेला कंपनी दाद देत नाही, आणि न्यायालयही देईलच असं नाही. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की भाडेखरेदीच्या करारात सगळे हप्ते फिटेपर्यंत गाडीचा मालक फायनान्सरच, आणि हप्ते चुकले तर तो ताबा घेऊ शकतो. करारात नोटीस असून ती दिली नाही तर ती सेवेतली त्रुटी ठरते, कर्ज माफ होत नाही. गाडी लिलावात कमी किमतीला गेली तर उरलेली रक्कमही आपल्याच बोकांडी बसते.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, तिथे फी नाही, हे पत्रात लिहिलं होतं. ग्राहक आयोगाचंही लिहिलं होतं. "पिवळ्या पाटीची गाडी, तुम्ही ग्राहक कसले?" असं शाखेतल्या एकाने सुनावलं होतं. पण पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूस ग्राहकच, असा खुलासा कायद्यातच आहे, आणि तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते.

बाविसाव्या दिवशी ईमेल आला. सीझिंग खर्च रद्द, दंडावरचं व्याज रद्द, पाच महिन्यांची मुदत मान्य. बाउन्स चार्ज मात्र भरावे लागले, ते करारात होते. मी ते ईमेल छापून शाखेत नेलं आणि या वेळी शिक्क्यासह पोच घेतली.

फेब्रुवारीत थकबाकी फिटली. गाडीतल्या कागदांच्या पाकिटात आता आरसी, परमिट, विमा, पीयूसी आणि त्यांच्यामागे करारातल्या नोटिशीच्या पानाची झेरॉक्स असते. शेवटचा हप्ता गेला की कंपनीकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जायचं आहे, आरसीवरचा बोजा उतरवायला.