जहाजावर वकील कायले लागते?

"जहाजावर वकील कायले लागते वं माय?"

सकाळी कापूस वेचता वेचता मोठ्या आईनं विचारलं. पुतणीचं एलएलबी झालंय, तिला नौदलाच्या कायदा शाखेत जायचंय. निवड झाली तर प्रशिक्षण थेट केरळात, एझिमलाच्या नौदल अकादमीत.

मी सांगितलं, नौसैनिकावर कोर्ट मार्शल चालतं तेव्हा निकाल अधिकारी देतात, पण कायदा समजावायला तिथं ट्रायल जज अ‍ॅडव्होकेट असतोच. त्याला मताचा अधिकार नसतो. (हे मलाही पुतणीनंच शिकवलं.) आणि १९५७ च्या नौदल कायद्याप्रमाणे त्या खटल्याचे कागद पुढे नौदलाच्या जज अ‍ॅडव्होकेट जनरलकडे, म्हणजे तिथल्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, तपासणीला जातात. शिक्षा झालेल्यानं अर्ज केला नाही, तरीही.

मोठ्या आईचा हात बोंडावरच थांबला.

"म्हंजे त्यानं मांगितलं नाही, तरी त्याचे कागद कोनीतरी वाचते?"

"हो."

ती काही बोलली नाही. ओटी गच्च भरली होती, तरी रिकामी करायला गेली नाही.

मोठे बाबा गेल्यावर वावराच्या फेरफारासाठी तिनं किती वर्षं एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, ते मी पाहिलंय. प्लास्टिकच्या पिशवीत जपून नेलेले ते कागद तिथं कोणी एकदा तरी पूर्ण वाचले असतील का?