कूलर बंद

२८ मे, रात्री

आज दुपारी आईने कूलर बंद केला, माझ्यासाठी. आणि मला चाळीस मिनिटं कळलंच नाही.

नवतपाचा, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, चौथा दिवस, पारा ४५ च्या आसपास. बाबांची हरवलेली सोन्याची अंगठी शोधायला मी मेटल डिटेक्टर बनवतोय, टेबलावर वाकून त्याचेच आकडे बघत होतो. पंधरा सेंटिमीटरची कॉइल, ४० वेढे, सोबत १०४ छापलेले दोन कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर. साधा कोल्पिट्स ऑसिलेटर, म्हणजे कॉइलमध्ये सतत मागे-पुढे होणारा प्रवाह तयार करणारं सर्किट. तो प्रवाह सेकंदाला किती वेळा मागे-पुढे होतो, ती फ्रिक्वेन्सी आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या ५ नंबर पिनवर मोजायची, सेकंदाला साधारण ३३,४००. चाचणीसाठी आईची अंगठी कॉइलच्या मधोमध धरली की आकडा जेमतेम १२ ने वाढतो. तीन बोटं वर उचलली की ४ ने. एवढ्याशा फरकावर सगळी भिस्त, आणि आकडा मात्र सकाळपासून आपणहून शंभर-शंभराने भटकत होता. तेव्हाच मी चिडून बोललो, "या कूलरच्या मोटरमुळेच होतंय सगळं."

कुणाला उद्देशून नव्हतं ते. पण घरात दुसरं होतं कोण?

पाणी प्यायला उठलो तर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली, हातात घडी घातलेला पेपर, ब्लाऊज पाठीला चिकटलेला. "काऊन रे, थांबला का आकडा?" एवढंच विचारलं तिने. मी काहीच बोललो नाही. कूलर लावला. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या व्हायला लागल्या, वास आला, आणि मला तिथे उभं राहवेना.

तीन आठवडे झाले मी एकटाच यात आहे. दादा फोनवर "अजून तेच?" म्हणतो. त्यालाही ती अंगठी आठवत असेलच की. जाऊ दे.

चाळीस मिनिटं. तिने एक हाकही मारली नाही.

रात्री दुपारची नोंद काढली. कूलर बंद झाल्यापासून आकडा भटकला नव्हता, सरळ वर चढत गेला होता. म्हणजे मोटर नव्हेच. ते स्वस्तातले सिरॅमिक कपॅसिटर तापले की त्यांची कपॅसिटी घटते, ती घटली की फ्रिक्वेन्सी वाढते. कूलरचा झोत लागला की गार, झोत हलला की पुन्हा गरम. सोनं आलं तरी आकडा वर, खोली तापली तरी वर. खिळा आणला तरच खाली जातो. मशीनला ऊन आणि अंगठी एकच वाटत होतं, आणि ते कळलं ती घामात बसली म्हणून. हे मनातून जातच नाही.

बर्डीच्या बाजारातून आणलेले पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर डब्यात पडून होते. ते लावले. आता दहा मिनिटांत वीसेकचा फरक पडतो. तोही हळूहळू, म्हणून दर दोन पावलांवर बटण दाबून शून्य करून घेता येईल. शिवाय दुपारी नाही, पहाटे साडेपाचला अंगणात जायचं, जमीन तापायच्या आत.

बाबांची अंगठी अंगणातच पडली हे तरी कुठे नक्की आहे.

झोपायच्या आधी आईला सांगितलं, चूक कूलरची नव्हती, माझी होती. ती मच्छरदाणी खोचत होती. म्हणाली, "मले उठवजो सकाळी. तुळशीपासून सुरू करू. ते तिथंच हात धुवायचे."